शेंगदाण्यातील उष्मांक मोजू या

उपवासाच्या दिवशी मूठभर शेंगदाणे खाल्ले की बराच वेळ भूक लागत नाही. शेंगदाण्यात भरपूर उष्मांक असतात, असे आपण म्हणतो. पण ते मोजतात कसे? विद्यार्थी मित्रहो, शिक्षकांच्या देखरेखीखाली तुम्हालाही ते मोजता येतील.

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. आहारातला उष्मांक म्हणजे अशा १००० कॅलरी, अर्थात एक किलोकॅलरी. तेव्हा दाणा जाळायचा आणि पाणी किती तापले ते पाहायचे!

शनिवार पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी हा प्रयोग केला. सोनाराच्या काट्यावर दाण्याचे वजन भरले ०.६ ग्रॅम. दाणा सुईला टोचून सुई बुचात खोचली. ॲल्युमिनियमच्या लहान डब्यात ४० ग्रॅम पाणी घेऊन तो तारेने टांगला. पाण्याचे तापमान २६ अंश होते. दाणा मेणबत्तीवर पेटवून चटकन डब्याखाली सरकवला. तो विझल्यावर पाणी ढवळून पाहिले, तर पारा ५० अंशांवर! उरलेला कोळसा ०.१ ग्रॅम, म्हणजे जळला ०.५ ग्रॅम.

आता हिशेब करा. ४० × २४ = ९६० कॅलरी; म्हणजे दर ग्रॅमला १.९२ किलोकॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या गोपालन आदींनी तयार केलेल्या कोष्टकात मात्र १०० ग्रॅम शेंगदाण्यास ५६७ किलोकॅलरी, म्हणजे दर ग्रॅमला ५.६७! आपल्या हाती जेमतेम एक तृतीयांश उष्णता लागली.

अशा वेळी वहीत पुस्तकातला आकडा लिहून टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. प्रॅक्टिकलच्या वहीत असे तंतोतंत उत्तर दिसले, की मला शंकाच येते. त्यापेक्षा उष्णता कुठे गेली ते शोधा.

मी ज्योतीभोवती पत्र्याचा आडोसा केला. हवा आत यावी म्हणून खाली भोके ठेवली. तेवढाच दाणा जळून पाणी आता ३६ अंशांनी तापले, म्हणजे दर ग्रॅमला २.८८. शिवाय डबाही तापला होता. त्याचे वजन ३० ग्रॅम, विशिष्ट उष्णता ०.२२, म्हणून ३० × ०.२२ × ३६ = २३८ कॅलरी त्याने घेतल्या. त्या मिळवल्यावर उत्तर आले ३.३६. उरलेली उष्णता गरम वायूंबरोबर गेली, तर डब्याच्या बुडाशी जमलेली काजळी म्हणजे न जळलेला कार्बन.

म्हणूनच शास्त्रज्ञ 'बाँब कॅलरीमापक' वापरतात. पोलादी बंद भांड्यात, दाबाखालील ऑक्सिजनमध्ये अन्न पूर्ण जाळतात. सारी उष्णता भोवतालच्या पाण्यात उतरते. गंमत म्हणजे, हे उत्तर कोष्टकातल्या आकड्यापेक्षा जास्त येते! कारण शरीर सगळे अन्न पचवत नाही, आणि प्रथिनांतील काही ऊर्जा यूरियाबरोबर बाहेर पडते. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲटवॉटर यांनी हे लक्षात घेऊनच दर ग्रॅमला प्रथिने व कर्बोदकांसाठी ४ आणि स्निग्ध पदार्थांसाठी ९ किलोकॅलरी हे आकडे ठरवले.

प्रयोग मोकळ्या हवेत करा. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी दूर राहावे. जळलेला दाणा खाऊ नका. आणि आडोसा आणखी कसा सुधाराल? तुमचा आकडा ३.३६ च्या पुढे जातो का, ते पाहा.