नाव मिळालं, पण ते आपलं आहे का?

आज आपण मालाच्या नावाबद्दल बोलणार आहोत. गटाचा मसाला, लोणचं, शेवया आता आठवडी बाजारापुरत्या राहिलेल्या नाहीत. प्रदर्शनात चव घेऊन गेलेलं गिऱ्हाईक घरी गेल्यावर मोबाइलवर आपल्याला शोधतं. म्हणून बरेच गट आता स्वतःची वेबसाइट काढायचं म्हणतात. वेबसाइट म्हटली की तिला पत्ता लागतो. त्या पत्त्याला डोमेन नेम म्हणतात. गटातल्या ताया आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा पहिला प्रश्न असतो, "हे नाव शिल्लक आहे का?" आम्ही सांगतो, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की हे नाव आधीच दुसऱ्या कुणाचं तर नाही ना?

हे समजायला दोन वेगळ्या नोंदवह्या डोळ्यांसमोर आणा. पहिली वही डोमेनची. तिथं जो आधी येईल त्याला नाव मिळतं. वर्षाचे पैसे भरले की झालं. दुसरी वही ट्रेडमार्कची, म्हणजे व्यापारचिन्हाची. ती केंद्र सरकारकडे असते. तिथं नाव तपासतात, जाहीर करतात, कुणाची हरकत आहे का ते बघतात आणि मग नोंदवतात. डोमेन विकणारा ही दुसरी वही उघडून पाहत नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या मालकीचं नावसुद्धा आपल्याला पाच मिनिटांत मिळू शकतं. घरपट्टीची पावती आपल्या नावाने फाटली म्हणून जागा आपली होत नाही, हे गावात आपल्याला ठाऊक असतं. डोमेनचंही तसंच आहे.

मग बिघडतं काय? समजा, गटाने नाव घेतलं, वेबसाइट केली, त्याच नावाची पाकिटं छापली, पिशव्या शिवल्या, फलक रंगवला. दोन वर्षांनी एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, की हे नाव आमचं आहे, वापर थांबवा. आता वेबसाइटचा पत्ता तर जातोच, छापलेली पाकिटंही रद्दीत जातात. सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे गिऱ्हाइकाच्या तोंडात बसलेलं नाव जातं. गटातल्या दहा-बारा जणींच्या मेहनतीने मिळवलेली ओळख परत पहिल्यापासून मिळवावी लागते.

एखादं अक्षर बदललं की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे असाच एक वाद आला होता. 'रेडिफ' या वेबसाइटच्या नावात इंग्रजी 'ई'च्या जागी 'ए' घालून दुसऱ्या कुणी 'रॅडिफ' नावाचं डोमेन घेतलं होतं. न्यायालयाने ते नाव वापरायला मनाई केली. पुढे २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे 'सिफी' या नावाचं प्रकरण गेलं. तिथं दुसऱ्या कंपनीने मधे एक 'एफ' जास्तीचा घातला होता. त्यांनाही ते नाव वापरायची मनाई झाली. व्यापारातल्या नावाला जे संरक्षण मिळतं ते डोमेनच्या नावालाही मिळतं, हे या निकालाने पक्कं झालं.

सारखेपणा कसा ठरतो? अक्षरं मोजून नाही. साध्या गिऱ्हाइकाची गल्लत होईल का, हे पाहून. 'अमृतधारा' आपल्या घरोघरी माहीत असलेलं औषध. तशाच औषधासाठी 'लक्ष्मणधारा' हे नाव पुढे आलं तेव्हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ साली न्यायालयाने सांगितलं, की ही दोन नावं फसगत व्हावी इतकी सारखी आहेत. माणूस दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर तपासत नाही. त्याला नाव अर्धवट आठवत असतं, त्यावर तो माल मागतो. म्हणून नाव ठरवताना ते मोठ्याने उच्चारून बघा. फोनवर सांगून बघा. ऐकणारीला दुसरंच कुठलं नाव आठवलं, तर ते नाव सोडलेलं बरं.

आपल्यासाठी यात आणखी एक मेख आहे. डोमेन बहुधा इंग्रजी अक्षरांत असतं आणि एकच मराठी शब्द इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येतो. 'माउली' कुणी 'यू' घालून लिहील, कुणी 'डब्ल्यू' घालून. एक तऱ्हा शिल्लक दिसली म्हणून खूश होऊ नका. कानाला ती सगळी एकच आहेत.

आता कोणतं नाव घ्यावं? चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, देवादिकांची आणि नेहमीची नावं. लक्ष्मी, माउली, सखी अशी नावं आपल्याला जवळची वाटतात, पण ती शेकडो जणांनी आधीच वापरलेली असतात. तिथं भांडण होण्याचा संभव जास्त आणि आपली वेगळी ओळख होण्याचा कमी.

दुसरी, नुसतं वर्णन करणारी नावं. 'शुद्ध मसाले', 'चविष्ट लोणचं' ही नावं कुणा एकाची होऊ शकत नाहीत, म्हणजे आपलीही होत नाहीत. उद्या शेजारच्या तालुक्यातल्या गटाने तेच नाव घेतलं, तर त्यांना अडवणं कठीण.

तिसरी, मोठ्या कंपन्यांची नावं. 'टाटा'सारखं सर्वांना ठाऊक असलेलं नाव आपण वेगळ्या मालावरसुद्धा लावू शकत नाही. पुढे-मागे आपला शब्द जोडूनही नाही.

चौथी, गावांची नावं. पैठणी, सोलापुरी चादर, हापूस यांना भौगोलिक मानांकन आहे. हापूस आंब्याचं मानांकन २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांना मिळालं. दुसरीकडचा आंबा विकताना नावात 'हापूस' घातला, तर ती गिऱ्हाइकाची दिशाभूल होते.

नाव चांगलं कोणतं? ज्याचा आपल्या मालाशी थेट संबंध नाही, असं. गटातल्या जणींच्या नावांची पहिली अक्षरं जुळवून केलेला नवा शब्द, गावच्या बोलीतला एखादा वेगळा शब्द. तो लिहायला सोपा हवा आणि फोनवर एकदा सांगितला की कळायला हवा.

अशी तीन-चार नावं काढा आणि मग ती तपासा. एकच नाव धरून बसलात, तर तपासताना मन त्याच्याच बाजूने झुकतं. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर सर्वांसाठी शोध खुला आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तिथं जसंच्या तसं नाव शोधता येतं आणि उच्चाराने जवळचं नावही शोधता येतं. दोन्ही करा. त्यासाठी मालाचा वर्ग माहीत हवा. सगळ्या माल-सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. लोणचं २९व्या वर्गात येतं. मसाले, पीठ, शेवया ३०व्या वर्गात, तयार कपडे २५व्या, तर साबण आणि अगरबत्ती तिसऱ्या वर्गात येतात. यानंतर इंटरनेटवर, ऑनलाइन दुकानांत आणि आपल्या जिल्ह्याच्या बाजारातही चौकशी करा. कारण नोंदणी न करता वर्षानुवर्षं नाव वापरणाऱ्यालाही कायदा हक्क देतो. हे सगळं झाल्यावर मग डोमेन शिल्लक आहे का ते बघा.

डोमेन घेताना ते गटाच्या नावाने, गटाच्या ईमेलवर घ्या. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर राहू देऊ नका. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या. नूतनीकरणाची तारीख गटाच्या वहीत लिहा. ती चुकली तर नाव दुसऱ्याला मिळू शकतं.

जमेल तेव्हा ट्रेडमार्कचीही नोंदणी करा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. लघुउद्योगाची सवलत घ्यायला उद्यम नोंदणीचा दाखला लागतो, आणि ती नोंदणी फुकट होते. ट्रेडमार्कची नोंदणी १० वर्षं चालते, पुढे वाढवता येते. अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे बैठकीत ठरवून ठराव लिहा. एकीच्या नावाने केलात, तर कागदावर मालकी तिची एकटीचीच राहील. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहिता येतं. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. त्याआधी लावणं बेकायदा आहे.

आणि नोटीस आलीच तर? घाबरू नका, आणि ती कपाटातही टाकू नका. '.इन'ने संपणाऱ्या डोमेनचा वाद लवादापुढे जातो. आपण उत्तर दिलं नाही, तरी निकाल लागतो आणि डोमेन काढून घेतलं जाऊ शकतं. नोटीस कुणाची, कोणत्या नावासाठी, उत्तराची मुदत किती, हे आधी पाहा. फोनवर काही कबूल करू नका. नाव आपण कधीपासून वापरतो त्याचे पुरावे काढा: पहिली बिलं, छपाईची पावती, प्रदर्शनाचे फोटो, ठरावाची वही. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कायद्याने प्रत्येक स्त्रीला तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते, तिची मिळकत कितीही असो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत एक काम करा. आपल्या मालाचं नाव आणि ते पहिल्यांदा वापरल्याची तारीख वहीत लिहा. त्या वेळची बिलं आणि पावत्या एका फाइलीत लावा. ज्यांनी अजून नाव ठरवलेलं नाही, त्यांनी पाकिटं छापायला टाकण्याआधी तपासणी उरकून घ्या. एका दुपारचं काम आहे.