ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू

ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू म्हणजे दोन्ही बाजूंनी मुद्रित केलेल्या ग्रामोफोन तबकडीची मागची बाजू होय. इंग्रजीत तिला 'बी साइड' म्हणतात. कंपनीला ज्या गाण्याची जाहिरात करावयाची असे ते गाणे पहिल्या बाजूवर आणि त्याच्या सोबतीचे गाणे दुसऱ्या बाजूवर असे. या सोबतीच्या गाण्यांचे पुढे अनेकदा पुनर्मुद्रण झाले नाही. त्यामुळे कित्येक कलावंतांच्या गायनाचा मोठा भाग आज केवळ मूळ तबकड्यांच्या मागच्या बाजूंवर व त्या जपणाऱ्या संग्राहकांकडे उरला आहे. महाराष्ट्रात नाट्यपदे, भावगीते, अभंग, लावण्या, पोवाडे आणि अभिजात गायन यांच्या इतिहासाचे हे एक महत्त्वाचे साधन मानले जाते.

संज्ञा

मराठीत 'ध्वनिमुद्रिका', 'तबकडी' आणि 'रेकॉर्ड' हे शब्द समानार्थी वापरले जातात. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी लाखेची तबकडी, ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी (एलपी) आणि ४५ फेऱ्यांची लहान तबकडी हे तिचे प्रमुख प्रकार आहेत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर प्रत्येक बाजूस बहुधा एकच गाणे असते. एलपीवर एका बाजूस अनेक गाणी मावतात. म्हणून 'दुसरी बाजू' ही कल्पना ७८ आणि ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांना अधिक लागू पडते. व्हायनिल हे एलपी आणि ४५ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी वापरले जाणारे प्लॅस्टिक होय. बोलण्यात मात्र सर्वच जुन्या तबकड्यांना सरसकट 'व्हायनिल' म्हणण्याची प्रथा अलीकडे पडली आहे.

इतिहास

एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीवर आवाज कोरण्याच्या तंत्राचे एकस्व घेतले. आरंभीच्या तबकड्या एकाच बाजूने मुद्रित असत आणि मागची बाजू कोरी राही. १९०४ मध्ये जर्मनीतील ओडियन या छापाने दोन्ही बाजूंनी मुद्रित तबकड्या बाजारात आणल्या. कच्चा माल तेवढाच लागत असताना ग्राहकाला दुप्पट संगीत मिळू लागले आणि काही वर्षांत ही पद्धत जगभर रूढ झाली.

भारतात ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे ध्वनिमुद्रणास प्रारंभ केला. गौहर जान या त्या वेळी मुद्रित झालेल्या गायिकांपैकी सर्वांत प्रसिद्ध होत. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून तेथे तबकड्या तयार होत. गाण्याच्या शेवटी गायकाने आपले नाव स्वतः उच्चारण्याची प्रथा याच काळातील आहे. भाषा न जाणणाऱ्या परदेशी कामगारांना तबकडीवर योग्य नावपट्टी लावता यावी, हा तिचा उपयोग सांगितला जातो. १९०८ मध्ये कंपनीने कोलकात्यातील सियालदह येथे कारखाना उभारला आणि तबकड्या देशातच तयार होऊ लागल्या. हा कारखाना पुढे दमदम येथे हलविण्यात आला.

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण यांत्रिक पद्धतीने होत असे. गायक कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या आवाजाच्या दाबानेच मेणावर रेघ कोरली जाई. त्यानंतर मायक्रोफोन आणि विद्युत ध्वनिमुद्रण आले. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने एलपी आणि १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची तबकडी आणली. भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या त्यानंतरही सुमारे दोन दशके निघत राहिल्या.

दुसऱ्या बाजूचे स्वरूप

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे संगीत मावते. या मर्यादेमुळे दुसऱ्या बाजूचा उपयोग प्रामुख्याने तीन प्रकारे झाला.

पहिला प्रकार जोडगाण्याचा. लोकप्रिय नाट्यपदाच्या मागे त्याच नाटकातील कमी गाजलेले पद किंवा एका भावगीताच्या मागे त्याच गायकाचे दुसरे भावगीत दिले जाई.

दुसरा प्रकार एकच रचना दोन भागांत देण्याचा. पहिल्या बाजूवर विलंबित ख्याल आणि दुसऱ्या बाजूवर त्याच रागातील द्रुत चीज, अशी मांडणी अभिजात संगीतात आढळते. पोवाडे आणि नाट्यप्रवेशही असेच 'भाग १' व 'भाग २' म्हणून निघत. अशा तबकडीची एकच बाजू ऐकणे म्हणजे रचना अर्धी ऐकणे होय.

तिसरा प्रकार प्रयोगाचा. पहिल्या बाजूवरील गाण्यामुळे तबकडी खपणारच असल्याने मागच्या बाजूवर नवी चाल, अपरिचित कवी किंवा अनवट राग घेण्यास वाव मिळे. कलावंताची वेगळी वाटचाल कित्येकदा याच बाजूवर दिसते.

जगातील उदाहरणे

दुसऱ्या बाजूच्या शोधाला सर्वाधिक प्रतिष्ठा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या 'सोल' संगीताने मिळवून दिली. चर्चमधील भक्तिगायन आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून हा प्रकार १९५० च्या दशकात घडला. बुकर टी. अँड द एमजीज या वाद्यवृंदाची 'ग्रीन अनियन्स' ही रचना १९६२ मध्ये प्रथम दुसऱ्या बाजूवर आली होती. श्रोत्यांच्या मागणीमुळे ती पहिल्या बाजूवर घेऊन पुन्हा काढावी लागली. ग्लोरिया गेनर यांचे 'आय विल सर्व्हाइव्ह' हे १९७८ मधील गीतही मुळात मागच्या बाजूचे होते.

ग्लोरिया जोन्स यांचे 'टेन्टेड लव्ह' १९६५ मध्ये दुसऱ्या बाजूवर निघाले आणि विस्मृतीत गेले. पुढे उत्तर इंग्लंडमधील नृत्यगृहांत अमेरिकेतील न खपलेल्या सोल तबकड्या शोधून वाजविण्याची चळवळ उभी राहिली. 'नॉर्दर्न सोल' या नावाने ती ओळखली जाते. विगन कॅसिनो (१९७३–१९८१) हे तिचे प्रसिद्ध केंद्र होते. या चळवळीने ते गाणे पुन्हा लोकांपुढे आणले आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या जोडीने केलेली त्याची नवी आवृत्ती जगभर गाजली. या इतिहासात गाण्याचे मोल ठरविण्याचे काम कंपनीच्या जाहिरातीपेक्षा संग्राहकांनी अधिक केले.

महाराष्ट्रातील ध्वनिमुद्रिका

मुंबई हे पश्चिम भारतातील ध्वनिमुद्रणाचे मुख्य केंद्र होते. बालगंधर्व (१८८८–१९६७), केशवराव भोसले (१८९०–१९२१), मास्टर दीनानाथ मंगेशकर (१९००–१९४२) आणि हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांची नाट्यपदे तबकड्यांमुळे नाटकमंडळी न पोहोचणाऱ्या गावांतही ऐकू गेली. चावीचा ग्रामोफोन विजेशिवाय चालत असल्याने वीज नसलेल्या खेड्यांतही तो वाजविता येई. १९३० च्या दशकात जी. एन. जोशी, गजानन वाटवे आदी गायकांनी भावगीत हा प्रकार तबकडीच्या तीन मिनिटांत घट्ट बसविला. जोशी हे पुढे एचएमव्हीत अधिकारी झाले आणि अनेक थोर गायकांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या देखरेखीखाली झाले.

'कुत्रा छाप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एचएमव्हीखेरीज कोलंबिया, ओडियन इत्यादी छापांच्या तबकड्याही निघत. मुंबईतील नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा 'यंग इंडिया' हा स्वदेशी छाप १९३५ ते १९५५ या काळात चालला. मोठे कलावंत बड्या कंपन्यांशी बांधलेले असल्याने या छापाने नवोदित व हौशी गायकांना मोठ्या प्रमाणावर संधी दिली. अशा गायकांच्या बाबतीत तबकडीच्या दोन्ही बाजू सारख्याच दुर्मीळ आहेत.

केरी (गोवा) येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची भैरवीतील 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका दुर्मीळतेचे बोलके उदाहरण आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवरील सुवर्ण तबकडीसाठी तिची निवड झाली, तेव्हा ती बाजारात मिळेनाशी झाली होती. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, मेजाखालील खोक्यात तिच्या काही प्रती सापडल्या. ते खोके रद्दीत गेले असते, तर निवडीत अडचण आली असती.

दुर्मीळतेची कारणे

७८ फेऱ्यांच्या तबकडीत शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख, दगडाची भुकटी व काजळी यांचे मिश्रण असते. ती काचेसारखी ठिसूळ असून हातातून पडताच फुटते. पोलादी सुईने प्रत्येक वादनागणिक तिची खाच झिजते. पहिल्या बाजूचे गाणे आवडते असल्याने ती बाजू अधिक झिजलेली आणि मागची बाजू तुलनेने स्वच्छ, असे अनेक तबकड्यांत आढळते.

दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडल्याने अनेक देशांत जुन्या तबकड्या गोळा करून वितळविण्यात आल्या. कॅसेट आल्यावर घराघरांतील तबकड्या भंगारात गेल्या. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे संग्राहकांना त्या मिळत आल्या आहेत. तरीही सर्वांत मोठी गळती निवडीच्या टप्प्यावर होते. एलपी, कॅसेट, सीडी आणि आंतरजाल या प्रत्येक स्थित्यंतरात आधी गाजलेली गाणीच पुढे नेली गेली. चार वेळा गाळल्यावर उरलेल्या गाण्यांवरून एखाद्या गायकाचे मूल्यमापन केले, तर ते अपुरे ठरते.

तबकडीची ओळख

संग्राहकाला तबकडीची ओळख दोन क्रमांकांवरून पटते. नावपट्टीवरील क्रमांक हा सूचिक्रमांक असून तो सामान्यतः दोन्ही बाजूंना सारखा असतो. एचएमव्हीची 'एन' आणि कोलंबियाची 'जीई' या सूचिक्रमांकांच्या परिचित मालिका होत. नावपट्टीलगतच्या गुळगुळीत भागावर कोरलेला क्रमांक हा मुद्रणक्रमांक होय. तो प्रत्येक बाजूस वेगळा असतो. दोन बाजूंचे मुद्रणक्रमांक लगतचे असतील, तर दोन्ही गाणी एकाच बैठकीत मुद्रित झाल्याची शक्यता असते. क्रमांकांत मोठे अंतर असेल, तर जुने मुद्रण मागच्या बाजूला जोडले असावे असा अंदाज बांधता येतो. ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या तबकड्यांत मुद्रणक्रमांकापुढील अक्षरावरून ध्वनिमुद्रक तंत्रज्ञही ओळखता येतो.

जतन आणि अंकीकरण

तबकड्या आडव्या रचल्यास खालच्या तबकड्यांवर भार येऊन त्या वाकतात किंवा तडकतात. म्हणून त्या कागदी पाकिटांत उभ्या ठेवतात. दमट हवेत त्यांवर बुरशी चढते. त्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसता येतात. मात्र नावपट्टी भिजू द्यावयाची नसते. मद्यार्काने लाख विरघळते. त्यामुळे व्हायनिलसाठी मिळणारी मद्यार्कयुक्त द्रावणे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर वापरू नयेत.

वादनासाठी योग्य सुई आवश्यक असते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असून तिला सुमारे ०.००३ इंच त्रिज्येची सुई लागते. एलपीची सुई तिच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी नसते. गतीही तपासावी लागते, कारण आरंभीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांवर वाजविल्यास स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पांढरी एकमध्ये गायिलेले गाणे काळी एकच्या जवळ ऐकू येते. लय आणि आवाजाची जातही त्यासोबत बदलते.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणले. 'द रेकॉर्ड न्यूज' या तिच्या नियतकालिकात गायकांच्या ध्वनिमुद्रिकांच्या सूची आणि कंपन्यांचे इतिहास प्रसिद्ध झाले. संस्थेचे सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने यंग इंडिया छापाच्या तबकड्यांचे अंकीकरण ब्रिटिश लायब्ररीच्या एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम या योजनेतून झाले. अभ्यासाच्या दृष्टीने अंकीकरण करताना तबकडीच्या दोन्ही बाजू, दोन्ही नावपट्ट्या आणि सर्व क्रमांक एकत्र नोंदविणे आवश्यक ठरते.

कायदेशीर बाजू

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. कवी व संगीतकार यांचे हक्क स्वतंत्र असून ते सामान्यतः त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे चालतात. त्यामुळे एखादे जुने ध्वनिमुद्रण हक्कमुक्त झाले, तरी त्यातील गीत वा चाल हक्कमुक्त असेलच असे नाही.

तबकडीबाहेरचे संगीत

तबकडीची मर्यादा लोकसंगीताच्या बाबतीत विशेष जाणवते. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांत, जामसर व आसपासच्या परिसरात, तारपा हे आदिवासींचे प्रमुख सुषिर वाद्य आहे. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून ते बनवितात. भात तयार होऊ लागल्यापासून दिवाळीपर्यंत त्याचे दिवस असतात. तारपकऱ्या श्वास न तोडता दीर्घकाळ वाजवितो, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर धरला जातो आणि चाली रात्र पुढे सरकेल तशा बदलतात. तीन मिनिटांच्या दोन बाजूंत या वादनाचा केवळ नमुना मावू शकतो.

ज्या गायकांची तबकडी निघाली, त्यांची दुसरी बाजू शोधणे निदान शक्य असते. तारप्याच्या चालींचा साठा मात्र वाजविणाऱ्याच्या स्मरणात असतो आणि तो पुढच्या पिढीच्या हाती न आल्यास त्याच्यासोबतच संपतो. आज सलग तासन्‌तास ध्वनिमुद्रण करणे सोपे झाले आहे. म्हणून जुन्या तबकड्यांच्या अंकीकरणाइतकेच अशा वादनाचे अखंड मुद्रण, वादकाचे नाव, गाव, दिवस आणि प्रसंग यांच्या नोंदीसह करणे, हे ध्वनिसंग्रहाच्या कार्याचे अंग आहे.