बारा लाखांच्या सवलतीनंतर ज्येष्ठांच्या वजावटींचे काय?

कडाव (ता. कर्जत) : कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कडाव हे गाव बालदिगंबर गणेशाच्या देवस्थानामुळे दूरवर परिचित आहे. परिसर भातशेतीचा. तथापि गेल्या दोन-अडीच दशकांत कर्जत-खालापूर पट्ट्यातील घरांमध्ये शेतीखेरीज एक नवे उत्पन्न शिरले आहे, आणि ते म्हणजे मुदत ठेवींवरील व्याज. कुणी फार्महाऊससाठी जमीन विकली, कुणी खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाला, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवली. हाती आलेली रक्कम बहुतेकांनी बँकेत अथवा टपाल कार्यालयात ठेवली आणि तिच्या व्याजावर उतारवय काढण्याचे ठरवले. आयकर या घरांत पोहोचला तो या व्याजाच्या वाटेने.

'शेतकऱ्याला कर नाही' हे वाक्य या भागात इतक्या वेळा ऐकू येते की त्याचा नेमका अर्थ हरवून गेला आहे. करमुक्त आहे ते शेतीचे उत्पन्न. कडावसारख्या गावातील शेतजमीन विकून आलेला पैसाही बहुधा करमुक्त असतो. कारण नगरपालिकेची लोकसंख्या दहा हजारांहून अधिक परंतु एक लाखाच्या आत असेल, तर तिच्या हद्दीपासून दोन किलोमीटरपलीकडील शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही. हे अंतर हवाई मार्गाने मोजले जाते. कर्जत आणि खोपोली या दोन्ही नगर परिषदा याच गटात मोडतात. मात्र तोच पैसा बँकेत ठेवला की त्यावरील व्याज पूर्णपणे करपात्र होते. मूळ रक्कम शेतीची होती, याला तेथे काही अर्थ उरत नाही. ठेव पाच वर्षांची आहे, व्याज अजून हाती आलेले नाही, असेही सांगितले जाते. बँक मात्र दरवर्षी जमा होणारे व्याज हिशेबात धरून त्यावर उद्गम कर (टीडीएस) कापते.

ज्येष्ठ करदात्यांना कायद्याने दिलेल्या सवलतींचा प्रवास बराच वळणावळणाचा आहे. २००३ च्या अर्थसंकल्पाने ६५ वर्षांवरील व्यक्तींना करातून थेट २० हजार रुपयांची सूट दिली होती. २००५-०६ पासून ही सूट रद्द झाली व तिच्या जागी ज्येष्ठांसाठी १ लाख ८५ हजारांची स्वतंत्र करमुक्त मर्यादा आली. २०११-१२ पासून ज्येष्ठत्वाचे वय ६५ वरून ६० वर आणले गेले आणि ८० वर्षांपुढील 'अतिज्येष्ठ' असा नवा वर्ग करून त्यांना पाच लाखांपर्यंत करमुक्ती देण्यात आली. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्याजाच्या वजावटीचे कलम ८० टीटीबी आले. त्यानंतर २०२० मध्ये नवी करप्रणाली अवतरली. या प्रणालीत वयाला काहीही स्थान नाही. पंचविशीतला तरुण आणि नव्वदीतले आजोबा यांना तेथे एकच दर, एकच मर्यादा. २०२३-२४ पासून हीच प्रणाली मूलभूत ठरली; म्हणजे करदात्याने काहीच कळवले नाही तर तीच लागू होते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाचा विचार करू. जुन्या प्रणालीत ६० ते ८० वयोगटासाठी करमुक्त मर्यादा तीन लाख व ८० वर्षांपुढे पाच लाख आहे. निवृत्तिवेतनातून ५० हजारांची प्रमाणित वजावट, बँक, सहकारी बँक व टपाल कार्यालयाच्या व्याजातून ५० हजारांपर्यंत ८० टीटीबीची वजावट, आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी ८० डी खाली ५० हजारांपर्यंत, कर्करोग, पार्किन्सन यांसारख्या विहित आजारांवरील उपचारांसाठी ८० डीडीबी खाली एक लाखापर्यंत, शिवाय ८० सी ची दीड लाखाची सर्वसाधारण वजावट, असा सारा सरंजाम तेथे आहे. नव्या प्रणालीत यांपैकी निवृत्तिवेतनाची प्रमाणित वजावट तेवढी राहिली, तीही ७५ हजारांपर्यंत वाढलेली. बाकी सर्व गेले. त्याऐवजी करमुक्त मर्यादा सरसकट चार लाख आणि एकूण उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ ए खाली साठ हजारांपर्यंतची सूट, म्हणजे कर शून्य.

शिक्षकाचा आणि शेतकऱ्याचा हिशेब

समजा, ७२ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकांना वर्षाला ४ लाख ८० हजार निवृत्तिवेतन व १ लाख ५० हजार व्याज मिळते. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट आणि ८० टीटीबी मिळून एक लाख वजा जाता ५ लाख ३० हजार उरतात. पाच लाखांची रेषा ओलांडल्यामुळे जुन्या प्रणालीतील सूट हातची जाते आणि उपकरासह १६ हजार ६४० रुपये कर बसतो. याच गुरुजींनी आरोग्य विम्यापोटी ५० हजार भरले असते तर उत्पन्न ४ लाख ८० हजारांवर येऊन कर शून्य झाला असता. म्हणूनच इतकी वर्षे मार्च महिन्यात वजावटीसाठी धावाधाव होत असे. नव्या प्रणालीत हीच मंडळी विमा असो वा नसो, ५ लाख ५५ हजार करपात्र उत्पन्नावर काहीही कर देत नाहीत.

आता शेतकऱ्याचे पाहू. वय ६८, निवृत्तिवेतन नाही, जमिनीचे एक कोटी रुपये सात टक्क्यांनी बँकेत, वार्षिक व्याज सात लाख. जुन्या प्रणालीत ८० टीटीबी वजा करून उपकरासह ४१ हजार ६०० रुपये कर. नव्या प्रणालीत शून्य. शेतीचे थोडेफार उत्पन्न असल्यास ते केवळ दर ठरवण्यासाठी मिळवावे लागते, परंतु वरील आकड्यांत त्याने निष्कर्ष बदलत नाही. सांगण्याचा हेतू हा की, ज्या वजावटींबद्दल वयोवृद्ध करदाते आजही सर्वाधिक विचारणा करतात, त्यांची गरज कडावच्या बहुतेक घरांना आता उरलेली नाही.

त्रास होतो तो वेगळ्याच ठिकाणी. कर शून्य असला तरी बँकेला ते ठाऊक नसते. एका बँकेतील व्याज वर्षात एक लाखाहून अधिक झाले की ज्येष्ठांच्या व्याजातून दहा टक्के उद्गम कर कापला जातो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ५० हजार होती. वरील शेतकऱ्याचे ७० हजार रुपये अशा रीतीने कापले जातात. हे टाळण्यासाठी '१५ एच' या नावाने ओळखले जाणारे घोषणापत्र वर्षाच्या प्रारंभीच बँकेत द्यावे लागते. (१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याऐवजी आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असून कलमांचे व अर्जांचे क्रमांक बदलले आहेत, जुना क्रमांक सांगितला तरी बँकेत कुणाला अडचण पडू नये.) व्याज करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असले तरी, सूट धरून अंतिम कर शून्य येत असेल तर ६० वर्षांपुढील व्यक्तीला हे घोषणापत्र देता येते. त्यासाठीची दुरुस्ती २०१९ मध्येच झाली. अठ्ठावन्न वर्षांच्या धाकट्या भावाला मात्र तेवढेच व्याज असूनही त्याच्या वर्गाचे '१५ जी' देता येत नाही. त्याला कापलेली रक्कम विवरणपत्र भरूनच परत मागावी लागते.

घोषणापत्र प्रत्येक बँकेत स्वतंत्र आणि दरवर्षी नव्याने द्यायचे असते. गेल्या वर्षी दिले होते, या सबबीवर कापलेला पैसा परत येत नाही.

एक जूनची जन्मतारीख

या साऱ्याच्या मुळाशी असतो पॅन क्रमांक. तो आधारशी जोडलेला नसेल तर निष्क्रिय ठरतो, घोषणापत्र ग्राह्य धरले जात नाही आणि कपात दहाऐवजी वीस टक्क्यांनी होते. आपल्याकडच्या वृद्धांच्या बाबतीत अडचण अशी की, शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने १ जून ही जन्मतारीख लिहिलेली असते, आधारवर १ जानेवारी असते आणि पॅन काढताना मुलाने तिसरीच घातलेली असते. तारखा जुळत नाहीत तोवर जोडणी होत नाही. सात लाख व्याजावर वीस टक्के म्हणजे १ लाख ४० हजार रुपये अडकून पडतात, आणि कारण काय, तर सत्तर वर्षांपूर्वी कुणा शिक्षकाने अंदाजाने लिहिलेला महिना. ऐंशी वर्षे पूर्ण केलेल्यांना ही जोडणी सक्तीची नाही, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. बाकीच्यांनी आधी आधारवरील तारीख कागदपत्रांनिशी दुरुस्त करून घ्यावी व मग पॅनकडे वळावे.

दुसरा गैरसमज विवरणपत्राचा. 'बारा लाखांपर्यंत कर नाही, मग विवरणपत्र कशाला?' असे सर्रास म्हटले जाते. नव्या प्रणालीत चार लाखांच्या वर उत्पन्न असेल तर कर शून्य असूनही विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. कापलेला कर परत हवा असेल तर त्याहून कमी उत्पन्नावरही ते भरावेच लागते. मागील काही वर्षांचा परतावा राहून गेला असल्यास, विलंब माफीचा अर्ज संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करता येतो, असे ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. विलंबाचे खरे कारण त्यात दाखवावे लागते. पंचाहत्तरीनंतर विवरणपत्रच भरावे लागत नाही, ही समजूतही अर्धवट आहे. ही मुभा २०२१ पासून आहे खरी. परंतु निवृत्तिवेतन आणि व्याज एकाच विनिर्दिष्ट बँकेत असेल, अन्य उत्पन्न नसेल आणि त्या बँकेकडे तसे घोषणापत्र दिले असेल तरच. निवृत्तिवेतन एका बँकेत, ठेव दुसरीत आणि थोडी टपाल कार्यालयात, ही खेड्यातली नित्याची वाटणी असल्याने या सवलतीचा लाभ येथे थोड्यांनाच होतो.

मग जुनी प्रणाली कुणाच्या उपयोगाची? बारा लाखांहून पुष्कळ अधिक उत्पन्न आणि त्यासोबत मोठ्या वजावटी असणाऱ्यांनी दोन्ही हिशेब करून पाहावेत. पण या तालुक्यात दुसरेच एक उदाहरण अधिक संभवते, ते म्हणजे बिनशेती प्लॉटची विक्री. बिनशेती झालेली जागा शेतजमीन राहत नाही व तिच्या नफ्यावर कर लागतो. साडेबारा टक्के दराने आकारल्या जाणाऱ्या दीर्घकालीन नफ्याला नव्या प्रणालीतील बारा लाखांची सूट मिळत नाही. समजा, ८२ वर्षांच्या आजींना प्लॉटवर सहा लाखांचा असा नफा झाला व अन्य उत्पन्न नाही. नव्या प्रणालीत चार लाख वजा जाऊन दोन लाखांवर उपकरासह २६ हजार रुपये कर. जुन्या प्रणालीत पाच लाख वजा जाऊन एक लाखावर केवळ १३ हजार. येथे वयाची सवलत जिवंत आहे. मात्र जुनी प्रणाली निवडायची तर विवरणपत्र मुदतीतच भरले पाहिजे. मुदत टळली की निवडीचा अधिकार संपतो आणि आजींचे १३ हजार रुपये त्यासोबत जातात.

जुनी प्रणाली निवडणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. कलम ८० टीटीबी मध्ये 'बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था' असे शब्द आहेत. त्यामुळे पतसंस्थेच्या ठेवीवरील व्याजासाठी ही वजावट गृहीत धरू नये. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांना प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्चही ५० हजारांपर्यंत ८० डी खाली दाखवता येतो, परंतु तो रोखीने केलेला नसावा. गावच्या दवाखान्यात आणि औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षे नोटा मोजून देण्याची सवय असणाऱ्यांना ही अट जाचक होती. आता मोबाईलवरून पैसे देण्याची सोय सर्वत्र झाल्याने पावती आणि पुरावा दोन्ही राहतात. आई-वडिलांचा हप्ता मुलगा किंवा मुलगी भरत असेल तर वजावट भरणाऱ्याला मिळते, अर्थात तोही जुन्या प्रणालीत असेल तरच.

ठेव कुणाच्या नावावर असावी, हा प्रश्न जमीन विकलेल्या घरांत वारंवार येतो. कर वाचावा म्हणून नवऱ्याने अर्धी रक्कम पत्नीच्या नावे ठेवली, तर तिचे व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. सज्ञान मुलाला दिलेल्या रकमेच्या बाबतीत तसे होत नाही, मात्र मग पैशावरचा हक्कही त्याचाच होतो, आणि म्हातारपणी ही बाब कराहून मोठी ठरू शकते. सातबाऱ्यावर पत्नीचे अथवा बहिणींचे नाव सहहिस्सेदार म्हणून असेल, तर विक्रीच्या वेळीच प्रत्येकीचा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यात घ्यावा. तो पैसा तिचा, व्याज तिचे आणि चार लाखांची मर्यादाही तिची स्वतंत्र. सारी रक्कम घरातील थोरल्याच्या नावे एकदा जमा झाली, की पुढे व्याजाची विभागणी कागदावर सिद्ध करणे फार कठीण जाते.