पायथन शिकायचंय? आधी पुस्तकाची आवृत्ती तपासा

जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेले पायथनचे पुस्तक महागात पडू शकते. कारण पायथन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यात ‘प्रिंट’ ही आज्ञा कंसाशिवाय चालायची. पायथन ३ मध्ये कंस नसेल तर एरर येते. चूक पुस्तकाची, पण नवख्याला वाटते आपल्यालाच जमत नाही.

मग कोणते घ्यावे?

रोजची कामे झटपट करायची असतील, जसे एक्सेल शीट भरणे, तर अल स्वायगार्ट यांचे ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन’. पाया पक्का करायचा असेल तर ॲलन डाउनी यांचे ‘थिंक पायथन’. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि ऑनलाइन मोफत वाचता येतात.

एकच निवडा. प्रत्येक उदाहरण कॉपी-पेस्ट न करता स्वतः टाइप करा.