खुंटाची निवड : इंजिनबदलासाठी जुनी स्पोर्ट्स मोटार

जुन्या स्पोर्ट्स मोटारीतील मूळ इंजिन काढून तिच्यात दुसऱ्या जातीचे, बहुधा अधिक शक्तीचे, इंजिन बसविण्याचा उद्योग दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन व अमेरिका या देशांत चांगलाच रुजला आणि तो आजही चालू आहे. इंग्रजीत या क्रियेला ‘स्वॅप’ म्हणजे अदलाबदल म्हणतात. ही संज्ञा थोडी फसवी आहे. अदलाबदलीत दोन्ही वस्तू तुल्य मानलेल्या असतात आणि एकीच्या जागी दुसरी ठेवली की व्यवहार पुरा होतो. येथे तसे होत नाही. नवे इंजिन आले की त्याचे वजन, त्याची उष्णता आणि त्याचा जोर ही सर्व ओझी उरलेल्या गाडीवर पडतात. आपल्या बागाइतीतील ‘कलम’ हा शब्द या क्रियेला अधिक जवळचा आहे. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधताना काडी कितीही जातिवंत असली, तरी खुंट कमजोर असेल तर कलम जगत नाही. मोटारीची गोष्टही अशीच आहे. या उद्योगात पडणारा मनुष्य बहुधा ‘कोणते इंजिन घालावे’ या प्रश्नापासून आरंभ करतो; वास्तविक पहिला प्रश्न ‘कोणती गाडी ते सोसू शकेल’ हा असावयास हवा.

हा प्रश्न कसा सोडवावा, हे शिकण्यासाठी कारखान्यांनी स्वतः केलेले इंजिनबदल फार उपयोगी आहेत. त्यांतील यशापयशाची नोंद उपलब्ध आहे आणि प्रत्येक उदाहरणातून निवडीची एकेक कसोटी हाती लागते.

१. सांगाड्याचे बळ

इंग्लंडमधील ए. सी. या छोट्या कारखान्याची ‘एस’ ही दोन आसनी मोटार १९५३ मध्ये बाजारात आली. तीन इंच व्यासाच्या दोन लांब पोलादी नळ्या हा तिच्या सांगाड्याचा कणा होता, आणि पुढील व मागील चाके आडव्या पाट्यांवर स्वतंत्रपणे तोललेली होती. ‘एस’मध्ये वापरले जाणारे ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन १९६१ च्या सुमारास बंद होऊ लागले, तेव्हा अमेरिकन शर्यतपटू कॅरोल शेल्बी याने या गाडीत अमेरिकन व्ही-८ इंजिन बसविण्याचा प्रस्ताव कारखान्यापुढे मांडला. फोर्ड कंपनीने त्याच वेळी पातळ भिंतींच्या ओतकामाचे, लहान आकाराचे नवे व्ही-८ इंजिन सिद्ध केले होते. या दोहोंच्या संयोगातून १९६२ मध्ये ‘कोब्रा’ जन्माला आली. प्रथम २६० आणि नंतर २८९ घन इंचांचे, म्हणजे ४.२ व ४.७ लिटरचे, इंजिन त्या तीन इंची नळ्यांच्या सांगाड्याने पेलले. मात्र स्टीअरिंगची पेटी बाजूला सरकवावी लागली आणि मागचे डिफरन्शियल अधिक मजबूत घालावे लागले.

पुढे ४२७ घन इंचांचे, म्हणजे सात लिटरचे, इंजिन बसविण्याचे ठरले तेव्हा जुना सांगाडा पुरा पडला नाही. १९६५ च्या कोब्रात नळ्यांचा व्यास चार इंच करण्यात आला, आडवे पाटे जाऊन वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या आणि गाडी रुंद झाली. नाव तेच राहिले तरी खुंट बदलला होता. प्रत्येक सांगाड्याला एक मर्यादा असते; त्या मर्यादेच्या आतील इंजिन म्हणजे बदल, आणि तिच्या बाहेरील इंजिन म्हणजे नवी गाडी बांधणे. ज्याच्याजवळ कारखान्याची साधने नाहीत त्याने या दोहोंतील सीमारेषा आधीच ओळखली पाहिजे. गंजाने पोखरलेल्या जुन्या गाडीत ही मर्यादा मूळ आराखड्याहून पुष्कळच खाली आलेली असते, हेही विसरता कामा नये. म्हणून गाडी पाहताना रंग व आसने पाहण्याआधी तिच्या तळाचे पत्रे, दाराखालील पेटीसारखे कडेचे भाग आणि स्प्रिंगा टेकण्याच्या जागा तपासाव्यात.

२. जागा

बॉनेट उघडून ‘इंजिन मावेल’ असे म्हणणे सोपे आहे. पण मावणे आणि नांदणे यांत अंतर आहे. रूट्स कंपनीच्या ‘सनबीम अल्पाइन’ या चार सिलिंडरांच्या मोटारीत फोर्डचे तेच २६० घन इंचांचे इंजिन घालून १९६४ मध्ये ‘टायगर’ ही मोटार काढण्यात आली. शक्ती जवळजवळ दुप्पट झाली. परंतु मूळ स्टीअरिंगची रचना इंजिनाच्या आड येत असल्यामुळे ती काढून तेथे दंतपट्टी व दंतचक्राची रचना बसवावी लागली. इंजिन आत सरकावे म्हणून रंगवून तयार झालेल्या गाड्यांच्या फायरवॉलचा पत्रा जोडणीच्या वेळी घणाने ठोकून मागे दाबावा लागे. मागच्या कोपऱ्यातील एक स्पार्क प्लग तर बॉनेटखालून हाती लागतच नसे; त्यासाठी चालकाच्या कक्षातून एक भोक ठेवून त्याला रबरी बूच लावलेले होते.

या गाडीचा शेवटही जागेच्याच प्रश्नाने झाला. १९६७ मध्ये रूट्स कंपनी क्रायसलरच्या ताब्यात गेली. फोर्डचे इंजिन घातलेली गाडी क्रायसलरने विकणे चमत्कारिक होते. पण क्रायसलरच्या व्ही-८ इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर फोर्डप्रमाणे पुढे नसून मागे होता आणि ते इंजिन त्या खोबणीत मोठ्या फेरबदलांवाचून बसणारे नव्हते. सुमारे ७,००० गाड्या निघाल्यावर ‘टायगर’ बंद पडली.

यावरून असे दिसते, की इंजिनाची लांबी, रुंदी व उंची एवढी तीन मापे पुरेशी नाहीत. तेलाचे चेंबर पुढे खोल आहे की मागे, डिस्ट्रिब्यूटर कोठे आहे, एक्झॉस्टचे नळ स्टीअरिंगच्या दांड्याला घासतात काय, आणि प्लग, पट्टा व फिल्टर बदलताना हात कोठून जाणार, हे सर्व आधी पाहिले पाहिजे. या दृष्टीने ज्या गाडीत मुळात लांब, सरळ सहा सिलिंडरांचे इंजिन होते ती सोयीची ठरते. १९६९ मध्ये आलेली ‘डॅट्सन २४०-झेड’ हिचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिच्या लांब बॉनेटखाली आखूड व्ही-८ इंजिन बरेच मागे, फायरवॉलच्या जवळ, बसविता येते.

हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत जागेचा आणखी एक प्रश्न येतो. ‘पोर्श ९१४’ या १९६९ ते १९७६ या काळातील मोटारीत इंजिन आसनांच्या मागे आहे आणि तिला मुळात रेडिएटरच नाही. तिच्यात पाण्याने थंड होणारे इंजिन घातले, की पुढील बाजूस रेडिएटर आणि तेथपर्यंत लांब नळ न्यावे लागतात. इंजिनाला जागा मिळाली तरी त्याच्या उष्णतेला जागा शोधावीच लागते.

३. वजन

या बाबतीत एम. जी. या कारखान्याने केलेले दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ‘एम.जी.बी.’ ही १९६२ ची मोटार. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १.८ लिटरचे, बिडाचे. १९६७ मध्ये तिच्यात सुमारे २.९ लिटरचे सहा सिलिंडरांचे बिडाचे इंजिन घालून ‘एम.जी.सी.’ काढण्यात आली. शक्ती १४५ अश्वशक्तीपर्यंत गेली. पण इंजिन लांब व जड असल्यामुळे पुढील चाकांची सारी रचना बदलावी लागली, आणि वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढते अशी टीका झाली. १९६९ मध्ये ती बंद झाली.

१९७३ मध्ये त्याच एम.जी.बी.त रोव्हर कंपनीचे ३.५ लिटरचे व्ही-८ इंजिन घातले गेले. हे इंजिन मूळचे अमेरिकेतील ब्युइकचे. रोव्हरने त्याचे हक्क घेतले होते. त्याचे ठोकळे ॲल्युमिनियमचे असल्याने सिलिंडर दुप्पट असूनही त्याचे वजन एम.जी.बी.च्या बिडाच्या इंजिनाहून विशेष वेगळे नव्हते. त्याची शक्ती १३७ अश्वशक्ती, म्हणजे एम.जी.सी.हून थोडी कमीच होती. तरीही गाडीचा तोल टिकला. १९७६ पर्यंत अशा २,५९१ मोटारी निघाल्या आणि जाणकारांत त्यांचा लौकिक आजही आहे.

हिशेबाने पाहिले तर कारण स्पष्ट होते. १,००० किलो वजनाच्या मोटारीचा भार पुढील व मागील चाकांवर निम्मा निम्मा आहे असे समजू. तिच्या पुढील आसाच्या बरोबर वर १०० किलो वाढले, तर १,१०० पैकी ६०० किलो, म्हणजे ५४.५ टक्के भार पुढे पडतो. तेच १०० किलो दोन आसांमधील अंतराच्या एक-पंचमांश इतके मागे ठेवले, तर पुढील भार ५८० किलो, म्हणजे ५२.७ टक्के होतो. वजन किती हा अर्धा प्रश्न झाला. ते कोठे आहे हा उरलेला अर्धा.

४. जोराची वाट

इंजिनाचा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, क्लच, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट व डिफरन्शियल यांतून चाकांपर्यंत पोचतो आणि वाटेत तो वाढत जातो. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ व डिफरन्शियलचे ४ धरल्यास वाढ चौदापट होते. १५० न्यूटन-मीटरचे इंजिन आसाला २,१०० न्यूटन-मीटर देते. ४०० न्यूटन-मीटरचे इंजिन ५,६०० देते. जुने दाते या वाढीसाठी घडविलेले नसतात.

‘माझ्दा एम.एक्स.-५’ ही १९८९ ची जपानी मोटार आज इंजिनबदलासाठी वारंवार निवडली जाते. ती हलकी आहे, तिच्या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि तिच्या बॉनेटखाली जनरल मोटर्सचे १९९७ पासूनचे ॲल्युमिनियमचे ‘एल.एस.’ व्ही-८ इंजिन बसविण्याची रीत ठरून गेली आहे. परंतु तिच्या १.६ लिटरच्या आरंभीच्या गाड्यांतील डिफरन्शियल लहान आहे. १९९४ च्या १.८ लिटरच्या गाड्यांपासून ते मोठे झाले. मध्यम जोराच्या इंजिनासाठी नंतरची गाडी घेणे यामुळे हिताचे ठरते, आणि व्ही-८ घालायचे तर दोन्ही डिफरन्शियले सोडून दुसऱ्या मोठ्या गाडीचे घालावे लागते. गाडीचे नाव एकच असले तरी तिचे साल बदलले की खुंटही बदलतो, तो असा.

ब्रेकचा विचार याच ठिकाणी येतो. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरऐवजी १४० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी थांबविताना ब्रेकना जवळजवळ दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. इंजिन बदलून ब्रेक तसेच ठेवणारा केवळ आपलाच जीव पणाला लावीत नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या दुसऱ्याचाही लावतो.

५. कोणत्या गाडीला हात लावू नये

वरील चारही कसोट्यांना उतरणारी गाडी मिळाली तरी एक प्रश्न उरतो : ही विशिष्ट गाडी कापावी काय? हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. शेकडो नकला असलेल्या पोथीच्या एका फाटक्या प्रतीच्या समासात लिहिणे वेगळे, आणि एकमेव मूळ प्रत खरवडून तिच्यावर नवा मजकूर लिहिणे वेगळे. ज्या जुन्या मोटारीतील इंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतो, जिचे मूळ भाग शाबूत आहेत आणि जिच्या बहिणी थोड्याच उरल्या आहेत, ती आपल्या काळाचा पुरावा असते. तिची फायरवॉल एकदा कापली, की मूळ रचना कशी होती हे तिच्याकडून पुन्हा कळणार नाही. याउलट जिचे इंजिन पूर्वीच हरवले आहे, अशी बहुसंख्य जातीतील गाडी या कामास योग्य होय. एम.जी.बी.चे तर संपूर्ण नवे बाह्यांग मूळ साच्यांवर घडविण्यास १९८८ मध्ये इंग्लंडात प्रारंभ झाला. तेथे नव्या खुंटावर कलम करता येते आणि मूळ गाडी सुरक्षित राहते.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरिन सनदेचा कलही जतनाकडे आणि उलटविता येण्याजोग्या बदलांकडे आहे. जॅग्वारने २०१७ मध्ये दाखविलेली विजेवर चालणारी ‘ई-टाइप’ या तत्त्वाचे उदाहरण म्हणून पाहता येईल. तिची बॅटरी मूळ सहा सिलिंडरी इंजिनाच्याच मापाची व साधारण त्याच वजनाची ठेवली होती, जेणेकरून सांगाडा न कापता मूळ इंजिन पुन्हा बसविता यावे.

६. कायदा

कायद्याची कसोटीही गाडी घेण्यापूर्वीच लावावी लागते. ब्रिटनमध्ये पुष्कळ वर्षे वापरलेल्या गुणपद्धतीत फेरफार केलेल्या गाडीची मूळ ओळख टिकण्यासाठी १४ पैकी ८ गुण लागत. त्यांत सांगाड्याला ५ गुण होते आणि इंजिनाला केवळ १. गाडी म्हणजे सांगाडा, हेच त्या पद्धतीनेही मानले होते. कॅलिफोर्नियात बदली इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्यापेक्षा नवे असावे लागते. मात्र १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना धूरतपासणी माफ असल्याने त्यांना विशेष मागणी असते. भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्राचा मेळ तुटेल असा बदल करू देत नाही. वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी करावयाच्या बदलास अटींवर मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. म्हणून येथील हौशी माणसाने परदेशातील उदाहरणे अभ्यासावीत; पण अनुकरणापूर्वी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी.

एकंदरीत निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे लागतो : प्रथम कायदा, मग गाडीचे दुर्मिळपण, नंतर सांगाडा व त्याचा गंज, त्यानंतर जागा, वजन, जोराची वाट व ब्रेक, आणि या सर्वांच्या शेवटी इंजिन. सामान्यतः जो क्रम पाळला जातो त्याच्या हा नेमका उलट आहे. अर्धवट सोडलेल्या, इंजिन काढलेल्या आणि परत न जुळलेल्या ज्या गाड्या छपरांखाली पडून असतात, त्यांतील पुष्कळांची कथा या उलटलेल्या क्रमातच सापडते. काडी निवडण्याचा मोह मोठा असतो. परंतु कलमाचे आयुष्य ठरते ते खुंटावर.