आधी ऊब, मग दूध

कुत्र्यांच्या माजाचा मुख्य हंगाम आपल्याकडे भाद्रपद-आश्विनात येतो. गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. म्हणजे रावेर तालुक्यातल्या सावद्याच्या गल्लीबोळांत आणि केळीबागांच्या बांधांवर कुत्र्या व्यायला लागतात त्या कार्तिक-मार्गशीर्षात, नेमक्या रात्री गारठू लागतात तेव्हा. उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या या तालुक्यात हिवाळ्यातली एखादी रात्र 10 अंशांच्याही खाली उतरते. अशा थंडीत केळीची वाढ थांबते, म्हणून शेतकरी रात्रीचं पाणी सोडतो, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो. त्याच बांधाच्या आडोशाला पडलेल्या पिल्लांसाठी मात्र आईच्या पोटाखेरीज दुसरी सोय नसते.

मोठ्या कुत्र्याच्या शरीराचं तापमान 38 ते 39 अंश असतं. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं असतं 35 ते 37. त्याला थंडीत कुडकुडताही येत नाही. स्नायू थरथरवून ऊब निर्माण करण्याची क्रिया अजून सुरूच झालेली नसते. अंगावर चरबी नाममात्र, यकृतात साखरेचा साठा काही तासांपुरता. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस, कान उघडायला जवळपास तितकेच किंवा थोडे जास्त. लघवी आणि शीसुद्धा आपली आपण होत नाही. आई जिभेने चाटते तेव्हाच होते. इतकं अपुरं बाळ निसर्गाने जगात पाठवावं, याचं नवल वाटतं.

तरी त्याच्याजवळ एक विद्या असते. मान डावी-उजवीकडे झुलवत, पुढच्या पायांनी सरपटत ते उबेच्या दिशेने जातं. भावंडांचा ढीग पाहावा: कडेचं पिल्लू आत घुसतं, आतलं बाहेर ढकललं जातं, आणि झोपेतही सगळ्यांचे पाय, ओठ, कान अधूनमधून झटके देत राहतात. हे झटके निरोगीपणाची खूण आहेत. कुत्र्याच्या नाकाचं टोक दीड मीटरवरची मंद उष्णताही ओळखतं, असं स्वीडनमधलं लुंड विद्यापीठ आणि बुडापेस्टमधलं ओटव्हॉश लोरांड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं. प्रयोग मोठ्या कुत्र्यांवर झाला होता. पण आंधळं पिल्लू आईच्या पोटाकडे सरकताना पाहिलं की तो आठवल्याशिवाय राहत नाही.

ढिगापासून वेगळं पडलेलं, आधी सतत कण्हणारं आणि मग गप्प झालेलं, हाताला गार लागणारं पिल्लू संकटात आहे असं समजावं. शरीर 34 अंशांच्या आसपास उतरलं की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पाजलेलं दूध पोटात तसंच पडून राहतं. म्हणून गार पिल्लाच्या तोंडात लगेच दूध घालणं ही दयेपोटी होणारी सर्वांत घातक चूक आहे. आधी ऊब द्यावी, तीही हळूहळू: कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, किंवा पिल्लाला आपल्या अंगाशी धरावं. शेगडीजवळ ठेवलं तर कातडी भाजते. अंग उबदार झालं, तोंडात बोट दिल्यावर ते चोखू लागलं, की मगच दूध.

दूधही शक्यतो आईचंच. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक चरबी आणि प्रथिनं असतात, म्हणून नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू खंगतं. व्याल्यानंतरचा चीक तर अमूल्य आहे. कुत्रीच्या वारेतून प्रतिपिंडं फार थोडी पोहोचतात. रोगांशी लढण्याची जवळजवळ सारी ताकद चिकातून मिळते, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या 24 तासांतच संपते. बाटलीने पाजावंच लागलं तर पिल्लाला पालथं ठेवावं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. आई नसेल तर पाजून झाल्यावर ओल्या कोमट कापसाने पोटाखालचा भाग हलकेच पुसावा, म्हणजे लघवी होते.

उबेचं आणखी एक काम आहे. कुत्र्यांचा हर्पीस विषाणू मोठ्या कुत्र्याला फारसा त्रास देत नाही, पण तीन आठवड्यांच्या आतली अख्खी वीण दोन-तीन दिवसांत संपवू शकतो, कारण तो वाढतो शरीराच्या कमी तापमानात. गार पिल्लू त्याला आयतंच मिळतं.

रस्त्यावरच्या पिल्लांचं पुढे काय होतं, हे कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलं. 95 विणींतल्या 364 पिल्लांपैकी वयात येईपर्यंत सुमारे 19 टक्केच जगली, आणि 63 टक्के मृत्यूंना कुठे ना कुठे माणूस कारणीभूत होता: वाहनं, मारहाण, विष, आईपासून तोडून उचलून नेणं. हे आकडे वाचून मन विषण्ण होतं, पण त्यात करण्यासारखंही पुष्कळ दिसतं. व्यालेल्या कुत्रीला जागेवरून हुसकू नये. वाऱ्याला आडोसा द्यावा, खाली कोरडं गोणपाट टाकावं, आणि तिलाच पोटभर खायला घालावं. तिचं पोट भरलं की पिल्लांपाशी ती अधिक वेळ बसते.

जंतांची लागण मात्र गर्भातच आणि दुधातूनही होते. त्यामुळे पशुवैद्यकाला विचारून पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यावर जंताचं पहिलं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वोची लस, आणि तीन महिन्यांना रेबीजची.