लेखांक ९ : चिक चॉकलेट आणि काळी पाच

मागच्या आठवड्यात आपण मुंबईच्या बड्या हॉटेलांतल्या जॅझ बँडपर्यंत आलो होतो. आज त्यातल्या एकाच वादकाबद्दल. अँतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणे. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखायची.

गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना आधी स्वरलिपी वाचायला शिकवत, वाद्य त्यानंतर हाती येई. चिकही याच वाटेने आले. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमध्ये वाजवू लागला आणि गोव्याच्या पोरांना जॅझ समोर बसून ऐकता आला. पुढे त्याच ताजमध्ये चिकचा स्वतःचा बँड उभा राहिला. लुई आर्मस्ट्राँग त्यांचं दैवत. लोक त्यांना 'भारताचा आर्मस्ट्राँग' म्हणत. मला हे बिरुद अपुरं वाटतं, कारण चिकचं खरं काम त्याच्या पलीकडे आहे.

ते समजायला आधी त्यांचं वाद्य, ट्रंपेट, पाहू. ट्रंपेटला पिस्टन तीनच. बोटांनी होणाऱ्या जोडण्या फक्त आठ, उरलेलं सगळं ओठांवर आणि दमावर. अंधेरीच्या आंबोली गावठाणात ईस्ट इंडियन लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला बँडसह मिरवणूक निघते, तेव्हा ट्रंपेटवादकाच्या जवळ उभं राहून बघा. सूर वर चढताना कित्येकदा बोटं तीच राहतात, ओठ मात्र आवळत जातात. मधेच तो खालची चावी दाबून नळीत साठलेलं पाणी काढतो, ओठ ओले करतो आणि पुन्हा सुरू होतो. ओठ सैल-घट्ट करून सूर थोडासा घसरवताही येतो. पेटीला जी मींड जमत नाही, तिची सावली ट्रंपेटमधून निघते. एकही पिस्टन न दाबता वादक ज्याला आपला 'सा' म्हणतो, तो पेटीवर काळी पाचला येतो.

मींडेची ही सावली ओळखणारा संगीतकार चिक यांना भेटला: पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा. अण्णांची तालीम विनायकबुवा पटवर्धनांची, पण कान चौफेर उघडे. गोरेगावच्या फिल्मिस्तानसाठी त्यांनी 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०), 'अनारकली' (१९५३) केले. चिक त्यांचे सहायक झाले. अण्णा चाल बांधत आणि पाश्चात्त्य वाद्यांचा साज कसा चढवायचा, यात चिकचा जाणता हात असे. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) तर चिकचा बँड झालरीच्या सदऱ्यांत पडद्यावरही दिसतो. 'शोला जो भडके' ऐका: बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट, सगळा परदेशी मेळा, आणि तरी चाल अस्सल आपली. तिथे ट्रंपेट लताबाईंच्या गळ्याशी झुंजत नाही. ओळ संपली की जागा भरतो आणि बाजूला होतो. तबलजीला साथीचं जे भान लागतं तेच हे भान, आणि जॅझमध्ये मुरलेल्या वादकाने ते दाखवावं ही मोठी गोष्ट.

'आखरी खत'मध्ये (१९६६) खय्याम यांच्या चालीवर भूपिंदर गातात, त्या क्लबच्या गाण्यातही चिक आहेत. यात ट्रंपेट साथीला नाही, गायकाच्या बरोबरीने बोलतो. पुढच्याच वर्षी चिक गेले.

त्या काळात श्रेयनामावलीत वादकांची नावं बहुधा नसत. संगीतकार, गीतकार, गायक झाले की पाटी बदलायची. गोरेगाव-अंधेरीच्या पट्ट्यातल्या स्टुडिओंसाठी वाजवून गेलेले किती गोवेकर आणि ईस्ट इंडियन वादक असेच निनावी राहिले. तुमच्या घरात, गावठाणात असा कुणी बँडवाला असेल, तर त्याच्याकडून गाण्यांची नावं आजच लिहून घ्या. तारीख आठवली तर तीही.

पुढच्या आठवड्यात : ट्रंपेट वाजवता वाजवता 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढणारे फ्रँक फर्नांड.